निवांतपणाचा सातबारा

निसर्गातल्या केबिनीची कृती आता साऱ्या जगाला पाठ झाली आहे. एक लाकडी खोका घ्यावा, त्याची एक भिंत काढून तिथे काच बसवावी. काचेपुढे फळ्यांचा ओटा करावा. त्याला डेक म्हणावं, म्हणजे भाडं वाढतं. डेकवर टांगता झोपाळा, झोपाळ्यात उपडं ठेवलेलं एक पुस्तक. आत एसी, फ्रिज, कॉफीचं यंत्र आणि भिंतीवर ‘सावकाश जगा’ अशी इंग्रजी पाटी. मुळशी, पवना, कामशेत, कर्जत या पट्ट्यात हे खोके आता इतके दाट उगवले आहेत, की एका केबिनीच्या काचेतून पाहिलं तर निसर्ग म्हणून पलीकडच्या केबिनीतला माणूस दिसतो. तोही हातात कॉफीचा मग धरून आपल्याकडे निसर्ग म्हणूनच बघत असतो.

हा सावकाश जगण्याचा कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. पुण्याची मंडळी चांदणी चौक ओलांडेपर्यंत त्यांचा चांगला सराव झालेला असतो. मग दोन रात्री निसर्गाचे फोटो काढायचे आणि रविवारी दुपारी ‘लवकर निघू, नाहीतर ट्रॅफिक लागेल’ म्हणत सावकाश जगणं अर्धवट टाकून पळायचं.

माझा पुतण्या हिंजवडीत नोकरीला आहे. अशाच एका केबिनीतून परतल्यावर त्याचा फोन आला, “काका, हे आपल्याकडे का नको?” आपल्याकडे म्हणजे माझ्या मामांच्या शेतात. गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. शहरात गेलेल्या मुलांचं हे ‘आपल्याकडे’ जमिनीच्या बाबतीत फार मोकळं असतं. विहिरीतला गाळ काढायचा विषय निघाला, की तेच लगेच ‘तुमच्याकडे’ होतं.

पुतण्याच्या मते गावाची जाहिरात करण्याची गरजच नव्हती, आणि ते खरंच होतं. पूर्वी अंतरवाली सराटी कुठं, असं कुणी विचारलं तर ‘वडीगोद्रीजवळ’ म्हणावं लागे. वडीगोद्री माहीत नसली तर ‘धुळे-सोलापूर हायवेवर, शहागडच्या अलीकडं’. तेही कळलं नाही, तर मामा म्हणत, “राहू द्या, तुमचं इकडं काम नाही.” मग २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी इथे उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला आंदोलकांवर लाठीमार झाला. त्या दिवसावर विनोद करण्यासारखं काही नाही. पण त्यानंतर या गावाचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. मंत्री आले, कॅमेऱ्यांच्या गाड्या आल्या. १४ सप्टेंबरला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आले आणि त्यांच्या हातून रस घेऊन उपोषण सुटलं. १४ ऑक्टोबरच्या सभेला तर माणसांनी शिवार भरून गेलं.

त्यामुळे पुतण्यानं ‘पाहुणे’, ‘मुक्काम’, ‘पाहुणचाराचं प्रशिक्षण’ असे शब्द काढले तेव्हा मामांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. ज्या गावानं एवढी माणसं आल्यागेल्यासारखी सांभाळली, त्याला पुण्याहून पाहुणचार शिकवायला आलेला मुलगा होता तो. ना कुणाचं चेक-इन झालं, ना कुणी चेक-आऊटची वेळ विचारली. २०२५ च्या ऑगस्टअखेर इथून मोर्चा मुंबईला निघाला, तेव्हा तर गावोगावच्या भाकरी माणसांच्या मागोमाग आझाद मैदानापर्यंत गेल्या. घरपोच सेवा म्हणतात ती हीच.

“आणि आजोबा, आपण पाहुण्यांना डिजिटल डिटॉक्स देऊ,” पुतण्या म्हणाला. “म्हणजे इंटरनेट नाही. लोक त्याचे वेगळे पैसे देतात.”

“ते तर सरकारनं आम्हाला फुकट दिलं व्हतं,” मामा म्हणाले. २६ फेब्रुवारी २०२४ ला आरक्षणाच्या आंदोलनामुळे अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालन्यासह शेजारच्या जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद राहिलं, तेव्हाची ती आठवण. त्या काही तासांत कुणाला आत्मशांती लाभल्याचं मामांच्या ऐकिवात नाही. दुकानदाराला पैसे ऑनलाइन जात नव्हते, एवढं मात्र त्यांना आठवतं.

मग विषय भाड्यावर आला. मामांची एक सवय आहे. कुठलीही रक्कम ऐकली की ते मनातल्या मनात आधी तिचा कापूस करतात. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. प्रत्यक्ष बाजारात काय मिळतं, ही वेगळी करमणूक. पुतण्यानं केबिनीचं भाडं सांगितलं. मामांना वाटलं, महिन्याचं असेल.

“नाही आजोबा, एका रात्रीचं.”

“म्हंजी रातीला क्विंटलभर?”

“शनिवार-रविवारी सव्वा.”

“आन् वेचणी?”

“वेचणी नसते त्याला.”

“फवारणी? खत? बोंडअळी?”

“काहीच नाही, आजोबा.”

“मंग कपाशी मोड आन् हेच लाव,” मामा म्हणाले. त्या क्षणापुरते ते केबिनवादी झाले होते.

पुतण्यानं तेवढ्यात आपला हुकमाचा पत्ता काढला: हेन्री डेव्हिड थोरो. जगातल्या प्रत्येक केबिनवाल्याला थोरो लागतोच, कारण या धंद्याचा मूळपुरुष तोच. ४ जुलै १८४५ ला तो अमेरिकेतल्या वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोलीत राहायला गेला. खोली दहा फूट बाय पंधरा फूट, खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. दोन वर्षं आणि वर दोन महिने राहून तो परतला आणि १८५४ मध्ये त्यानं त्यावर पुस्तक काढलं. मामा हे सगळं बाजेवर बसून लक्ष देऊन ऐकत होते. शेतकऱ्याला गोष्ट सांगितली की तो थेट मुळावर हात घालतो. मामांनी विचारलं, “जमीन कुणाची व्हती?”

जमीन इमर्सन नावाच्या त्याच्या मित्राची होती.

“मंग बटईनं केली म्हण की.”

पुतण्यानं पुढे सांगितलं, की थोरोनं अडीच एकरांत मुख्यतः घेवडा पेरला, निंदला, हिशेब लिहून ठेवला आणि सगळा खर्च वजा जाता आठ डॉलर एकाहत्तर सेंट आणि वर अर्धा सेंट नफा झाला. मामांचा चेहरा उजळला. अमेरिकेतल्या, पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाबद्दल त्यांना एकदम आपुलकी वाटू लागली. “अडीच एकरात एवढंच? मंग तर आपल्यातलाच निघाला. पण त्यानं बरं केलं. पुस्तक काढलं. आमाला ते सुचलं नाही.”

खरं तर आमच्या जिल्ह्याला एकांतासाठी थोरोची उसनवारी करण्याचं कारण नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे नारायण ठोसर, जन्म १६०८. लग्नाच्या मांडवात ‘सावधान’ ऐकलं आणि तसेच निघाले, ते नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षं राहिले, अशी परंपरा सांगते. परतीची तारीख न ठरवता, सोबत बॅग न घेता, सोबत फोटोग्राफर न नेता. पुढे त्यांना सारा महाराष्ट्र समर्थ रामदास म्हणून ओळखू लागला. पुतण्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “काका, पण ते सोलो ट्रॅव्हल झालं. आपलं मार्केट कपल्सचं आहे.”

आता काचेविषयी. काचेची भिंत हा थंड देशांतला शोध. तिथे ऊन पाहुण्यासारखं येतं, म्हणून त्याला आत घेण्याची सोय. आमच्याकडे ऊन घरच्यासारखं राहतं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पश्चिमेला तोंड करून काचेच्या खोलीत बसलेला माणूस निसर्गाचा आनंद घेत नसतो. तो शिजत असतो. जागतिक कृषी पर्यटन दिन १६ मे ला पाळतात. त्या दिवशी दुपारी दोन वाजता हा दिवस अंबड तालुक्यातल्या एखाद्या उघड्या शेतात साजरा करावा, अशी माझी नम्र सूचना आहे. भाषणं आपोआप आटोपशीर होतील.

आमच्याकडची जुनी घरं उन्हाला पाठ करून बसत. हातभराहून जाड भिंती, लहान खिडक्या आणि वर माळवद: लाकडी सर, त्यावर किलचण, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी नवी माती टाकायची, चोपायची, की गळती बंद. आत भर दुपारी डोळा लागावा असा गारवा. पण त्या घरांवर तरी फार प्रेमानं लिहायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या अशाच जड घरांखाली झोपेतली माणसं गेली. म्हणून मामा स्लॅबच्या घरात राहतात, एप्रिलपासून अंगणात बाजेवर झोपतात आणि वास्तुशास्त्रज्ञांच्या वादात पडत नाहीत.

पुतण्याला आकाशदर्शनाचाही कार्यक्रम ठेवायचा होता. शहरात तारे दिसत नाहीत, गावात दिसतात, ही गोष्ट खरी. मामांना तर तारे फारच दिसतात. शेतीपंपाची थ्री-फेज लाईन आठ तास. काही दिवस ती दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की मामा हातात बॅटरी आणि काठी घेऊन, पायाखाली बघत, मध्येच वर बघत मोटर चालू करायला निघतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाण्याची पाळी सुटली, की पुन्हा तेच. हा २०८ किलोमीटरचा कालवा, पण त्याचं पाणी मामांच्या बांधाला नेमकं रात्री दोनला पोचतं. सरीत पाणी मोकळं करून ते बांधावर टेकतात. आभाळ स्वच्छ, वारा गार, आजूबाजूला चिटपाखरू नाही. केबिनीच्या माहितीपत्रकात याच प्रसंगाला ‘रात्रीच्या शांततेचा अनुभव’ म्हणतात. मामा त्याला ‘दारं धरणं’ म्हणतात.

शांततेचंही तसंच. गावात शांतता असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा अखंड हरिनाम सप्ताहात मुक्कामाला यावं. पहाटेचा काकडा चारही दिशांना तोंडं केलेल्या भोंग्यांतून ऐकू येतो. ज्याला झोप प्रिय असेल त्याची आपोआप साधना होते. गळीत हंगाम लागला की उसाच्या ट्रॉल्या रात्रभर जातात, आणि ट्रॅक्टरवर गाणी नसली तर तो ट्रॅक्टर नादुरुस्त समजतात. पक्ष्यांचा किलबिलाट मात्र भरपूर. तो ऐकून पाहुणा डोळे मिटतो आणि मामा गोफण शोधतात, कारण ते राघू ज्वारीच्या कणसांवर उतरलेले असतात. रोही आणि रानडुकरंही येतात. पुतण्यानं माहितीपत्रकासाठी ‘वन्यप्राण्यांचा मुक्त वावर’ असं लिहून ठेवलं. मामा म्हणाले, त्याच्याखाली नुकसानभरपाईच्या अर्जाचा नमुनाही छापून टाक.

यावरून कुणी असं समजू नये की आमच्या भागात निसर्गात जाऊन खाण्यापिण्याची रीत नाही. आहे, आणि ती केबिनीहून कितीतरी जुनी आहे: हुरडा. डिसेंबर ते फेब्रुवारी, ज्वारीच्या कणसात दाणा भरलेला पण कोवळा असतो, तेवढेच दिवस. सुरती, गूळभेंडी ही हुरड्याची खास वाणं. दाणा कडक व्हायला वेळ लागत नाही, म्हणून हुशार शेतकरी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं वाफे पेरतो. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं त्यात भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करायचे. सोबत शेंगदाण्याची, तिळाची, लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं, उसाचं कांडं. जेवणाऱ्यांनी भोवती गोल करून बसायचं आणि पत्रावळीत पडेल तसं खायचं. काच नाही, एसी नाही, पाटी नाही. माणसं आपोआप सावकाश होतात, कारण पुढचं कणीस भाजल्याशिवाय मिळत नाही.

याचा रीतसर धंदाही होऊ शकतो. २००५ साली पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळ कृषी पर्यटन केंद्र सुरू केलं, तेव्हा पैसे देऊन लोक शेत बघायला येतील यावर शेतकऱ्यांचाच विश्वास नव्हता. लोक आले. २०२० मध्ये राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं आणि शेतकऱ्याला नोंदणी करून हा जोडधंदा उघडपणे करता येऊ लागला. हे चांगलंच झालं. ज्या शिवारात दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या, तिथे चार पैसे देणारं कुठलंही पीक चालेल. मग ते शनिवारी उगवून रविवारी गेलं तरी.

पण या सगळ्या बोलण्यात एक माणूस गप्प होतं. मामी. ती आतून चहा आणत होती, कप नेत होती, पुन्हा चहा आणत होती. शेवटी तिनं एकच विचारलं, “ते लोक निवांत व्हायला हितं येतील. आमी कुठं जायाचं?”

पुतण्याकडे याचं उत्तर नव्हतं. मामीकडे होतं. ती दरवर्षी पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाते. उन्हातून, पावसातून, डोक्यावर पडशी घेऊन मैलोन् मैल चालते आणि परतल्यावर म्हणते, “लई आराम झाला.” मला याचं कोडं होतं. ते तिनंच सोडवलं: “अरे, तिथं सैपाक दुसरं कोणीतरी करतं.”

सगळ्या सावकाश जगण्याचं मर्म एवढंच आहे. थोरोलासुद्धा अधूनमधून आईच्या हातचं जेवण मिळत होतं. घर चालत जाण्याच्या अंतरावरच होतं. शहरातल्या माणसाला शेतात निवांत वाटतं, कारण डोळ्यांसमोरच्या कामांतलं एकही काम त्याच्या अंगावर नसतं. गाय दुसरं कुणी पिळतं, भाकरी दुसरं कुणी थापतं, रात्री दोनला दुसरं कुणी उठतं. मामा पुण्याला पुतण्याच्या फ्लॅटवर गेले होते तेव्हा अकराव्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून खालचं ट्रॅफिक तासन् तास बघत बसले होते. “किती शांत वाटतं रे इथं,” म्हणाले. त्या गर्दीतल्या एकाही माणसाला त्यांच्यामुळे उशीर होणार नव्हता.

जमिनीचा सातबारा असतो तसा निवांतपणाचाही काढला, तर कब्जेदार म्हणून पाहुण्याचं नाव लागेल. पिकाच्या रकान्यात मामांचे कष्ट येतील. मामीचं नाव ‘इतर हक्कां’तसुद्धा सापडणार नाही.

केबिन झाली. पुतण्यानं हप्त्यावर आणली, ट्रेलरवरून उतरवली, काचही शाबूत पोचली. डेक झाला, झोपाळा टांगला. पण त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, घरातल्या दोन्ही खोल्या कापसानं भरल्या होत्या आणि वेचणी चालूच होती. मामांनी पुतण्याला फोन केला, “बाबा, पाहुणे येईस्तोवर ठेवू का?” आता काचेतून आत पाहिलं तर छतापर्यंत पांढराशुभ्र कापूस दिसतो. पाणी लागत नाही, उंदीर शिरत नाही, आणि बाहेरून येणारा व्यापारी काचेतूनच माल बघून जातो. मामांच्या मते केबिन ही फार उपयोगी वस्तू आहे, सरकारनं तिला अनुदान द्यावं.

तरीही गावाकडे या. आमच्याकडे नाही जमलं तर जिथे कुणी शेतकरी घर उघडून बसला आहे तिथे जा. हुरड्याच्या दिवसांत जा, मे महिन्यात नको. भाड्यात घासाघीस करू नका. तीच सवय मॉलमध्ये लावून बघा. शेततळ्यात पोहायला उतरू नका. प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही आणि माणूस वर येत नाही. आणि जेवण झाल्यावर आपलं ताट आपण घासा, जमलं तर घरच्या बाईचंही. तुमच्या निवांतपणात त्यामुळे पाच मिनिटांची तूट येईल. ती पाच मिनिटं तिच्या नावावर चढतील.